शेजारच्या स्वप्नात

हसणार नसाल तर सांगतो. गेले वर्षभर मी रोज जाग येताच उशाशी ठेवलेल्या वहीत रात्रीची स्वप्ने लिहीत होतो आणि न्याहारीनंतर त्यांचा अर्थ लावीत होतो. माझी पत्नी नलिनी गेल्यापासून एकदाही स्वप्नात आली नव्हती. निदान कशाआड तरी तिची चाहूल सापडावी, एवढाच हेतू. सापडे ते भलतेच. मग हरवलेल्या चपलेला मी विरह म्हणे, चुकलेल्या बसला पश्चात्ताप.

आणि एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यात थांबवले. "अहो, काल नलूताई आल्या होत्या की स्वप्नात! माझ्या अळूच्या भाजीत गूळ कमी पडला म्हणाल्या."

मी घाईने विचारले, "माझ्याविषयी काही?"

"मी म्हटलं ना, वर जाऊन या, ते घरीच आहेत. तर म्हणाल्या, नको, नेहमीसारखे काहीतरी लिहीत बसले असतील. उगाच तंद्री मोडायची."

त्याच दिवशी मी वही माळ्यावर टाकली आणि वहिनींना विनवले, "पुन्हा आली तर एवढं सांगा, मी आता लिहीत नाही. अगदी रिकामा आहे."

काल वहिनी पुन्हा जिन्यात भेटल्या. नजर चुकवीत म्हणाल्या, "आल्या होत्या. तुमचा निरोप दिला."

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, लग्न झाल्यापासून हेच ऐकत आले आहे."