सुळकीच्या खिंडीतला तांबडा दिवा

ऐका. जवळ सरका, आणि गोष्ट संपेपर्यंत कुणी उठू नका.

तृप्ती गाडेकर नावाची बाई, संगमनेरची, शाळेत खेळ शिकवणारी. सायकलच्या शर्यतीत उतरलेली. शर्यत तरी केवढी, बाराशे किलोमीटरची. एकट्यानं चालवायची, सामान सायकलीलाच बांधायचं, आणि कुठं किती झोपायचं तेही आपलं आपणच ठरवायचं. घड्याळ थांबत नाही. झोपलं की मागं पडलं. म्हणून ही माणसं झोपेचा हिशेब महिनाभर आधी मांडतात. तृप्तीनंही मांडलेला. तिसऱ्या रात्री आपल्या वडजाईत यायचं, देवळाच्या ओवरीत तीन तास झोपायचं, मग खिंड चढायची. देवबा गुरवाला तसा फोनही केलेला.

अकराला ती पोचली. दोन रात्रींत मिळून चार तास झोपलेली. डोळे नुसते चुरचुरत होते. देवबानं घोंगडं अंथरून ठेवलेलं. आता ती टेकणार, तेवढ्यात तिचं लक्ष वर गेलं. सुळकीच्या खिंडीत एक तांबडा दिवा हळूहळू चढत होता. सायकलीच्या मागं असतो तसला.

तिला वाटलं, हा रेमंड. गोव्याचा गडी, शर्यतीत पहिला, ही दुसरी. तो झोपत नाही, तर मी कशी झोपू? देवबानं सांगून पाहिलं, की बाई, या वेळेला त्या वाटेनं आम्हीसुद्धा जात नाही, उजाडल्यावर जा. तिनं ऐकलं नाही. निघाली.

चढली, चढली. दिवा पुढंच. ही जोर लावी, तो तेवढाच लांब. ही दम खायला थांबे, तोही थांबे. बघा आता. वाटेत एक वाकडं उंबर लागलं. पुढं गेली, परत उंबर. आणखी पुढं गेली, परत तेच उंबर. तिला वाटलं, झोपेनं असं होतंय. तोंडावर पाणी मारलं. परत उंबर.

तेवढ्यात फोन वाजला. तिचा नवरा, मकरंद. या शर्यतीत प्रत्येकाच्या सायकलीला एक यंत्र असतं. कोण कुठं आहे ते घरबसल्या नकाशावर दिसतं.

"काय करतेयस तिथं?" तो म्हणाला. "तासभर एकाच जागी गोल फिरतेयस."

"रेमंडच्या मागं आहे मी. दिसतोय मला."

त्यानं नकाशा परत एकदा बघितला.

"रेमंड वडजाईच्या अलीकडं झोपलाय, दहापासून. तृप्ती, तुझ्या पुढं कुणी नाही."

फोन कटला. आणि दिवा मागं फिरला. तिच्याकडं यायला लागला.

आला, आला, आणि रस्त्याच्या कडेला थांबला. बघते तर तिथं पडवी. पडवीत पांढरीशुभ्र गादी, उशाला एक म्हातारी बसलेली.

"दमलीस गं पोरी. ये, पड जरा."

खरं सांगू? तिची भीतीच गेली. नुसती झोप उरली. सायकल सोडून ती तशीच चालत गेली. पडवीला एक सायकल टेकवलेली, तिच्यासारख्याच पिशव्या बांधलेली. आधाराला म्हणून तिनं त्या सायकलीवर हात ठेवला. सगळा गंज. पत्रा हातात चुरला. आणि गादीवर कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत पांघरून झोपलेलं. म्हातारीनं त्याला हातानं पलीकडं सरकवलं. हिला जागा करून दिली.

तृप्ती मागं सरली. पळायचं त्राण नव्हतं, आणि सायकलीवर बसली तर दिवा नेईल तिकडंच जाणार. चाचपडत तिनं मैलाचा दगड गाठला. कमरेची पिशवी सोडली, तिच्या पट्ट्यानं स्वतःला त्या दगडाशी बांधलं, गाठीवर गाठ मारली. रात्रभर हाका. आधी म्हातारीच्या. मग मकरंदच्या आवाजात. पहाटे पहाटे तर तिच्या स्वतःच्याच आवाजात. तिनं ओ दिली नाही.

उजाडता सखाराम दूधवाल्याला ती सापडली. गाठी सुटेनात, पट्टा विळ्यानं कापावा लागला. पडवीच्या जागी काही नव्हतं. दगडापासून चार पावलांवर कडा, सरळ खाली दरी.

खाली येऊन ती ओवरीत अकरा तास झोपली. तीस जण तिच्या पुढं निघून गेले. जाऊ दिले तिनं.

म्हणून सांगतो, रात्री त्या वाटेला जाऊ नका. तो दिवा अजून चढतो. दिसला तर दिसू द्या. तुम्ही गावातच झोपा.