सोमवारचे उंदीर

(प्रयोगशाळेमागची उंदरांची खोली. मामा गेली एकवीस वर्षं इथले पिंजरे सांभाळतात. हृदयावर प्रबंध लिहिणारी ताई वही उघडून उभी आहे.)

ताई : मग सोमवारचेच आकडे वेगळे का येतात, मामा?

मामा : मी अडाणी माणूस, मला काय विचारता. मशीनला विचारा.

ताई : मशीन तीनदा तपासलं. हे बघा, उंदराचं हृदय काढून नळीला लावते. एकाला साखरेचं पाणी, दुसऱ्याला चरबीचं. काम दोघांना सारखंच. चरबीवाल्याला प्राणवायू जास्त लागायला हवा. सोमवारी लागतो. मंगळवार ते शनिवार फरकच दिसत नाही.

मामा : मग सोमवार सोडून द्या की.

ताई : माझ्या मार्गदर्शक मॅडमही तेच म्हणाल्या. शुक्रवारी प्रबंध द्यायचाय. पण माझं मन घेत नाही. रविवारी तुमची सुट्टी असते ना?

मामा : असते. बदलीचा माणूस येतो.

ताई : आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री उंदरांना उपाशी ठेवायचं असतं.

मामा : पाटी आहे की दारावर. मीच ठोकलीय.

ताई : मामा...

मामा : मूठभर टाकतो. घरी जाताना.

ताई : रोज?

मामा : अहो, सकाळी ज्याला मरायचंय त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं? आमच्या आईनं दारचं कुत्रंसुद्धा रिकाम्या पोटी हाकललं नाही. म्हटलं, एवढ्याशानं तुमचं काय अडणार.

ताई : अडलं ना. पोटभर खाल्लेल्याचं हृदय साखरेला सोकावलेलं असतं. चरबी दिली तरी लवकर वळत नाही. म्हणजे खरे आकडे फक्त सोमवारचे. दोन महिने पाण्यात गेले माझे.

मामा : मॅडमना माझं नाव सांगा. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, नोकरीवर येईल म्हणून गप्प बसलो. भ्यालो, ताई.

ताई : सांगावं तर लागेलच. पण दोन महिन्यांत मी एकदाही संध्याकाळी इथं डोकावले नाही, तेही सांगेन. नोकरीवर येऊ देणार नाही.

मामा : आणि प्रबंध?

ताई : पुढं ढकलायचा. सोमवारचे सोळा ठेवते. बाकीचे प्रयोग पुन्हा करायचे.

मामा : किती?

ताई : ऐंशी.

मामा : ऐंशी उंदीर?

ताई : हो.

मामा : म्हणजे माझ्या दयेपायी ऐंशी जीव जादा जाणार.

ताई : असं नका म्हणू, मामा.

मामा : म्हटलं नाही म्हणून काय बदलतंय. उद्या कितीजण?

ताई : दोन. आज संध्याकाळी खाद्य काढून घ्यायला मी येते.

मामा : नको. मीच काढतो. तुम्ही फक्त जरा शेजारी उभ्या राहा.