पाकीट फेकू नको

अरे, वायफायवरून आठवलं. राळेगावच्या घरी मी कॉम्प्युटरले वायफायचा तो बोटाएवढा यूएसबी लावून राह्यलो होतो. शेजारच्या मास्तरानं त्याच्या नेटचा पासवर्ड देल्ला होता. त्या सालीच आमच्या वावरात कापसाचं बियाणं बोगस निघालं होतं, म्हणून बाबाले पाकिटातल्या कोन्याच मालाचा भरोसा नव्हता.

मी यूएसबीचं पाकीट फोडलं तं बाबा म्हणे, "रिकामं पाकीट फेकू नको. उगवलं नाही तं तक्रार कायच्या भरोशावर करशीन?"

"बाबा, हे काही पेराचं नाही."

"बरं, मंग मास्तर फुकटात नेट काहून देऊन राह्यला?"

तेवढ्यात यूएसबीचा हिरवा लाइट लुकलुकला. बाबा खुर्ची ओढून जवळ आले.

"उगवलं तं दिसते. पण बोंड धरते का पाह्य. कापसाचा आजचा भाव दाखव."

मी दाखवला. मागच्या सालापेक्षाही खाली होता. बाबानं चष्मा पुसून पुन्हा वाचला, आन् माह्यापुढं हात केला.

"आण ते पाकीट. मी म्हटलंच होतं, माल बोगस हाय."