पत्ता मौदा लिहा

नाही जी, गल्ली हीच आहे, पत्ता बरोबर आहे तुमचा — पण बसा ना दोन मिनिटं, एवढ्या महिन्यांनी आले अन् लगेच कुठं निघाले? नत्थूजी, दोन चाय द्या, साहेबांची साखर कमी — कमीच ना? — पोटाकडे पाहून बोललो जी, राग नका मानू. रुपराव गजभियेचं घर पाहिजे ना, बंदुकीच्या लायसनचं व्हेरिफिकेशन? मी त्यांचाच पोरगा. अंकुश. हाव, तोच, ज्याच्यामुळे तुमची फाईल अडकली तो. दचकू नका, मी इथं राहत नाही. मी मौद्याले राहतो. लिहा ना, मौदा. तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली आहे मी, दोस्तासोबत खोली आहे, धम्मानंद नाव त्याचं. आज फक्त तुम्हाले घर दाखवायले आलो. घर म्हणजे ते काय, इथून तिसरं, निळं दार. पाहिलं? मग झालं. आता चाय येऊ द्या.

बरं झालं आले ते. आम्हाले तं वाटलं होतं का तुम्ही फक्त कागदावरच असता. मागच्या साली विचारायले गेलो तं हवालदार साहेब मारबतीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताले गेले. मग गणपतीच्या. मग दीक्षाभूमीच्या. मग अधिवेशन आलं, सारे मंत्री नागपुरात, तुम्ही रस्त्यावर. अधिवेशन गेलं तं महानगरपालिकेची निवडणूक. मी एकदा ठाण्यात म्हटलं, साहेब, सण नसलेला एखादा महिना आहे का तुमच्याकडे? तं तिथल्या बाईनं मले बाहेर बसवलं, दुपारपर्यंत. तुमचा दोष नाही जी, तुम्हाले जिथं उभं केलं तिथं तुम्ही उभे राहिले. माझा बापही तेच करते. त्याले जिथं उभं केलं तिथं तो उभा राहते.

गनमन आहे ना तो, महाल भागातल्या एका बँकेत. लहानशी बँक आहे, सहकारी, अध्यक्षाच्या घरच्यासारखी. आता गनमन म्हणजे तुम्हाले माहीतच आहे — बंदूक स्वतःची, लायसन स्वतःचं, तेव्हा नोकरी. बंदूक नाही तं तो गनमन नाही, नुसता म्हातारा. बारा बोअरची डबल बॅरल आहे, आजोबानं घेतलेली. त्या बंदुकीतून बुढ्यानं उभ्या नोकरीत एक गोळी नाही सोडली. कबुतरही नाही उडवलं. फक्त पुसली. रोज संध्याकाळी ड्युटीवरून आला का चटई टाकायची, बंदूक मांडीवर, अन् पुसायची. आम्हाले हात लावू देत नव्हता. मी लहान होतो तं मले वाटे, ही बंदूक आपली बहीणच आहे अन् तिलेच हा जास्त जीव लावते.

अन् ती बंदूकही स्वतःच्या हातानं देऊन आला तुमच्या ठाण्यात. विधानसभेची आचारसंहिता लागली, टीव्हीवर सांगितलं, लायसनवाल्यांनी हत्यारं जमा करा — बुढा दुसऱ्या दिवशी सकाळी, ठाणं झाडून होत होतं, तेव्हाच दारात उभा. अहो, बँकेच्या गनमनले सूट मिळते! बँकेचं एक पत्र लागते फक्त. बाकीच्या बँकांच्या गनमननी पत्रं दिली, बंदुका खांद्यावरच ठेवल्या. यानं विचारलंच नाही. काहून विचारलं नाही म्हटलं, तं म्हणते, 'सरकारनं सांगितलं ना, जमा करा.' निवडणूक संपली, बंदूक आणायले गेला, तोवर लायसनची तारीख गेली. ठाणं म्हणे, चालू लायसन दाखव अन् बंदूक घेऊन जा. लायसनवाल्या शाखेत गेलो तं ते म्हणे, रिन्यू करायचं तं बंदूक तपासायले आण. बंदूक कुठं आहे? ठाण्यात. मग आण ना. कशी आणू? लायसन दाखवून. हसू नका जी. म्हणजे हसा, पण मी त्या दोन खिडक्यांमधात एक पूर्ण उन्हाळा काढला आहे. बुढा काढू शकत नाही, तो खिडकीवर गेला का पहिले वाकून नमस्कार करते, मग पुढच्यानं 'उद्या या' म्हटलं का पुन्हा वाकून नमस्कार करते. उद्या या म्हणणाऱ्याले कोणी नमस्कार करते का?

तवापासून तो बँकेच्या दारात काठी घेऊन उभा आहे. काठीवाल्याले कोण गनमन म्हणन? पहिले लोकं त्याले टाळून बाजूनं जात, आता त्याले पेन मागतात. मॅनेजर पाणी आणायले सांगते. काडतुसांचा पट्टा मात्र घालूनच जाते, रिकामा. अन् एक सांगू — त्याचा उजवा खांदा खाली झुकलेला आहे. इतकी वर्षं बंदूक टांगून. आता बंदूक नाही, तरी खांदा तसाच. काही नाही टांगलेलं, तरी तो वाकडा चालते. गल्लीतली पोरं नक्कल करतात. मी एकाले दिली ठेवून, मागच्या —

मागच्या वेळी आलो होतो, तेव्हा. मौद्याहून.

घ्या, चाय घ्या. आता अध्यक्ष म्हणते, या महिन्याच्या आखरीपर्यंत लायसन आणा, नाही तं सुट्टी. भिवापूरचा एक माणूस येऊनही गेला बँकेत, ताजं लायसन, चकचकीत बंदूक, त्यानं दाराजवळची जागाही पाहून ठेवली म्हणे. बुढ्याले दुसरं काही येत नाही. उभं राहता येते, बस. घरी माय आहे, अंजनाबाई, तिचे गुडघे गेले. म्हणून तुमचा एक शेरा आहे ना, 'मुलगा सोबत राहत नाही', तो लाख मोलाचा आहे. त्या शाखेतल्या क्लार्कनंच रस्ता सांगितला. म्हणे, बंदूक ठाण्यातच तपासून घेऊ, पण घरात गुन्हा दाखल झालेला पोरगा असन तं बंदूक देता येत नाही, त्याच्या हातात पडली तं काय? पोरगा वेगळा राहते असं शपथपत्र द्या, हवालदार येऊन पाहून जाईन, मोकळं.

आता गुन्हा म्हणजे काय, तेही ऐकाच. तुमच्या कागदात लिहिलं आहे, 'लग्नसमारंभात खुर्चीने मारहाण'. लग्न कोणाचं? अध्यक्षाच्या पोरीचं. बुढ्याले गेटवर उभं केलं होतं, बंदूक घेऊन, शोभेले. जसे दोन केळीचे खांब असतात, तसा तिसरा तो. मी पॉलिटेक्निकले होतो, संध्याकाळी त्याले गाडीवर घ्यायले गेलो. वरात आली. अध्यक्षाचा भाचा, पिऊन तर्र, बुढ्याले म्हणते, 'रुपराव, हवेत दोन बार काढ.' बुढा म्हणे, 'नाही जी, लायसन जाईन.' पहा, जन्मात एकदा 'नाही' म्हणाला! मी गाडीवर बसून ऐकलं, मले वाटलं, वा रे बुढ्या! भाच्यानं त्याची टोपी उडवली. पुन्हा म्हणे, काढ. हा पुन्हा नाही. मग त्यानं याच्या कानाखाली वाजवली. बॅण्ड चालू होता तरी मले आवाज आला जी. अन् हा काय करते? बंदूक दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली वाकला, टोपी उचलायले. बंदुकीले ओरखडा नाही गेला पाहिजे. मग माझ्या हातात खुर्ची कशी आली, ते मले माहीत नाही. भाच्याचं मनगट मोडलं. डोकं मोडायचं होतं.

बुढ्याचं बयान आहे ना तुमच्याकडे? वाचलं? 'साहेबांनी मला मारले नाही. मुलगा तापट आहे, त्याने विनाकारण मारहाण केली.' विनाकारण! खाली सही, झोकदार, दोन रेघा मारून. त्या सहीवर त्याची नोकरी टिकली. मी आत होतो, तो अध्यक्षाच्या घरी जाऊन भाच्याच्या पाया पडून आला. सुटून आलो तं म्हणते, 'तू काहून मधात पडला गा?' कॉलेजवाले म्हणे, केस संपन तेव्हा ये. मी म्हटलं, मी येतच नाही. सोडलं. मोठी माणसं सारी सारखीच आहेत जी, कॉलेजातली घ्या, बँकेतली घ्या, घरातली घ्या. त्याइले न्याय नाही पाहिजे, शांतता पाहिजे. आपण मार खाल्ला हे माहीत नाही पडलं पाहिजे कोणाले, एवढीच त्याइची इज्जत.

अन् ते शपथपत्र! वकिलानं वाचून दाखवलं — 'माझा मुलगा अंकुश हा विभक्त राहतो, त्याच्याशी माझा कोणताही संबंध नाही.' मी बाजूलेच उभा होतो, मीच नेलं होतं त्याले गाडीवर. मले वाटलं, एवढं तं म्हणन, का जी, 'कोणताही' शब्द काढता येते का? नाही. पेन मागितला. सही केली. दोन रेघा. परत येताना गाडीवर मागं बसून माझ्या खांद्याले धरलं होतं त्यानं, खड्डे आहेत म्हणून. संबंध नसलेल्या माणसाच्या खांद्याले.

आज सकाळी तं कमालच. नळ गेल्यावर मी भरलेली भांडी आत ठेवून राहिलो, माय मी जाणार म्हणून रडत बसली, अन् हा युनिफॉर्म घालून स्टूलवर चढला. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी माझा दहावीचा फोटो आहे, हार घालून, त्यानंच लावला होता. तो काढला. तिथं भिंत पांढरी राहिली ना चौकोनी, तं तिच्यावर कॅलेंडर टांगलं. माझे कपडे, पुस्तकं, ब्रश, सारं बोऱ्यात भरून शेजारच्या मीराबाईच्या घरी नेऊन ठेवलं. मारबत निघते ना आपल्याकडे पोळ्याच्या पाडव्याले, लोकं ओरडतात, 'रोगराई घेऊन जा गे मारबत' — तसं मले वाटलं, का घरची सारी पिडा माझ्या गळ्यात टाकून हे मले काढून राहिले. मी निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो असन, तं मागून आवाज, 'अंकुश! ए अंकुश!' वळून पाहिलं तं बुढा धावत येऊन राहिला, तो खांदा खाली, पट्टा हलून राहिला. मी थांबलो. मले वाटलं — जाऊ द्या काय वाटलं ते. जवळ आला, धाप लागली होती. हातात माझ्या चपला होत्या. घरातल्या, दाराशी ठेवलेल्या. म्हणते, 'ह्या राहिल्या होत्या. साहेबाले दिसल्या असत्या.'

ह्या काय, ह्याच. ह्या पिशवीत.

...

पेन काहून बंद केला तुम्ही?

नाही, नाही, साहेब, ऐका. मी मौद्यालेच — कसं सांगू आता. नळाचं बोललो ते — चपलांचं — ते नका लिहू. तोंड आहे माझं, बुढा खरंच बोलते, तापट आहे, तापला का वाहते. तुम्ही मले काय पाहून राहिले? राहत होतो. बरं. इथंच राहत होतो, त्या निळ्या दारात, आज सकाळपर्यंत. पण आता तिथं माझं आहे काय? फोटो नाही, ब्रश नाही, चपला माझ्यापाशी. तुम्हाले जे दिसन तेच लिहायचं असते ना? मग खोटं कुठं आहे त्यात? धम्मानंदची खोली खरी आहे. ठेकेदाराले माणसं पाहिजेत तेही खरं आहे. मी आज जातो. आत्ता. ही गाडी, ही पिशवी. संध्याकाळी येऊन पाहा, पुढच्या महिन्यात येऊन पाहा, पोळ्याले येऊन पाहा, मी सापडलो तं बंदूक पुन्हा घेऊन जा. त्याच्या सहीवर जे खोटं होतं ते मी खरं करून देतो, अजून काय पाहिजे सरकारले? पत्ता मौदा लिहा जी. त्याची बंदूक त्याले देऊन टाका. सरळ तं होणार नाही तो आता, पण वाकडा तरी कशानं आहे ते दिसन लोकांले.

हेल्मेट कुठं — हे काय. नत्थूजी, साहेबांचे पैसे नका घेऊ.

जा तुम्ही. तिसरं घर. दारातच उभा असन तो, तुम्ही दिसले का वाकून नमस्कार करन. त्याले विचारा, 'रुपराव, पोरगा कुठं आहे?' फक्त एवढं पाहा, का 'माहीत नाही' म्हणायले त्याले थोडा वेळ लागते का. एक क्षण तरी.

नाही — मले नका सांगू. जा.