क्रीटच्या कड्यावरची सवत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय एकनाथराव, विद्यापीठातून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉ. प्रीता, व्यासपीठावर शाल-श्रीफळ सांभाळत बसलेल्या सत्कारमूर्ती डॉ. वसुधा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आणि ॲन आर्बरच्या या बर्फातून ड्राइव्ह करत आलेले मंडळातले माझे सगळे स्नेही,

सत्कारमूर्तीच्या नवऱ्याला खरं तर बोलायला लावू नये. पण एकनाथरावांनी आग्रह केला, आणि आग्रह मोडणं मला जमत नाही. लेक अंतरा मात्र बजावून बसली आहे, "बाबा, प्लीज, एम्बॅरस करू नका." बघू.

वसुधा पुढच्या महिन्यात क्रीटला चालली आहे, दोन वर्षांसाठी. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर, कड्याकपारींत एक झुडूप उगवतं, डिक्टामो. गोल पानं, त्यांवर लोकरीसारखी लव, आणि चुरडली की वास आपल्या पानओव्याच्या जवळचा. तिथल्या आज्या पोटदुखीला, जखमेला ते पिढ्यानपिढ्या वापरत आल्या. त्या पानांच्या तेलाने बुरशी मरते का, जखम लवकर भरते का, हे वसुधा कित्येक वर्षं इथल्या लॅबमध्ये तपासते आहे. आता थेट त्याच्या गावी जाऊन काम करायचं बोलावणं आलंय. टाळ्या वाजवा. मीही वाजवतो.

झाल्या वाजवून? आता खरं सांगतो. मला त्या झुडपाचा भयंकर हेवा वाटतो. पुरुषाला सवत नसते असं कोण म्हणतं? मी कार्डिऑलॉजिस्ट, जन्मभर लोकांची हृदयं तपासली. माझ्या हृदयाकडे या बाईने कधी भिंगातून पाहिलं नाही. आमच्या फ्रिजवर डिक्टामोच्या पानांचे फोटो आहेत, माझा एकही नाही. हिवाळ्यात मी स्वेटर घालून कुडकुडतो आणि घरातल्या डिक्टामोच्या कुंड्यांवर खास दिवा जळतो. तिकडे त्या झाडाचं एक नाव म्हणे 'प्रेम' आहे! पूर्वी तरुण पोरं जीव धोक्यात घालून कड्यावरून ते प्रेयसीसाठी आणायची. मी एकदा हिच्यासाठी कोथिंबीर आणली, तर ती पार्सली निघाली.

कुचकेपणाही करून पाहिला. "लॅबमधल्या बशीतली बुरशी काय, ब्लीचनेही मरते," असं एकदा जेवताना म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "अगदी बरोबर. माणसात काय होईल ते अजून कळलेलं नाही. म्हणून तर जायचंय." अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

बोलावणं आलं त्या दिवशी पिठलं ढवळता ढवळता तिने विचारलं, "प्रताप, तूही येतोस का?"

मी म्हणालो, "नको. मी काय करू तिथे?"

मंडळी, तुम्ही सगळे मराठी आहात. पंगतीत जिलबी आली की आपण काय म्हणतो? 'नको.' पानावर हात आडवा धरतो. आणि डोळे कुठे असतात? वाढणारा म्हणतो, "अहो, एक तरी घ्या," मग हात बाजूला होतो. माझं 'नको' तसलं होतं हो! पण इतकी वर्षं अमेरिकेत राहून वसुधाला 'नो' म्हणजे 'नो' ऐकायची सवय झाली आहे. "ओके," म्हणाली, आणि एकच तिकीट बुक केलं. तेव्हापासून मी पानावरचा हात काढून बसलोय. क्रीटमध्ये लोकांना हार्ट ट्रबल असतो का, हेही परवा सहज विचारून पाहिलं. "असेल की," म्हणाली, आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली.

वसुधा, तुझं कौतुक वाटतं, ते खरं आहे. पण दोन वर्षं तू रोज सकाळी त्याला बघणार आणि मला नाही, हे मला सहन होत नाही. घरात बोलायचा धीर झाला नाही, म्हणून इथे, सगळ्यांसमोर सांगतो. मला पुन्हा एकदा विचार ना. एकदाच.

मंडळाने बोलायची संधी दिली, आभारी आहे. वेळ संपल्याची खूण अध्यक्षांनी दोनदा केली, त्यांचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. अंतरा, तूसुद्धा. जेवण गार होतंय, ठाऊक आहे मला. पण सत्कारमूर्तींच्या समोरचा माइक चालू आहे, आणि मी अजून खाली बसलेलो नाही.