बाबांची पातळ रेकॉर्ड

देवाशप्पथ सांगतो, हा किस्सा अक्षरशः खरा आहे. म्हणजे एक गोष्ट सोडून. ती शेवटी सांगतो.

नागपूरचे आमचे साडू देवळीला आले ते नवीकोरी जाड रेकॉर्ड घेऊन. तेच भजन बाबांच्या जुन्या पातळ रेकॉर्डवर आमच्याकडे होतंच.

“जाड रेकॉर्ड म्हणजे भारी आवाज!” साडू म्हणाले. “तुमचा तर पापड हाय, भाऊ. डोळे मिटून ओळखू. पापड हरला तर त्याचं भिंतीवरचं घड्याळ बनवून देतो.”

“लावा शर्यत,” मी म्हटलं.

आमच्या प्लेअरचा सुईचा दांडा साडूंनी जाड रेकॉर्डच्या उंचीला बसवलेला. पातळ रेकॉर्डवर सुई तिरकी पडली असती, म्हणून माझ्या बायकोनं त्या रेकॉर्डखाली गोधडीचा गोल तुकडा घातला. साडूंनी डोळे मिटले. तिनं दोन्ही वाजवल्या.

“दुसरी! हीच माही जाड! पाहा, आवाज कसा घुमून राह्यला!”

“डोळे उघडा, भाऊजी,” बायको म्हणाली. “बाबांचा पापड फिरून राह्यला.”

आता खोटं तेवढं सांगतो. डोळे साडूंनी नाही, मी मिटले होते. बाबांच्या रेकॉर्डला साडूंची समजणारा मीच. पण पापड जाड म्हणून खपला, त्यामुळे त्याचं घड्याळ काही झालं नाही, अन् कॉलर माझीच ताठ आहे.