डॉक्टरांच्या फटफटीची बैठक

१९३४ साली रेवसच्या धक्क्यावर लाँचला पाऊण तास उशीर झाला होता. शेजारी शेजारी बसलेले चर्मकार भागोजी आणि मिठागरवाला हिरामण बोलत होते.

“भागोजीकाका, मांडीवर काय हाय?”

“मुंबईच्या डॉक्टरांच्या फटफटीची बैठक. चामडं भिजवून वेल कोरलीय.”

“माप कसं घेतलं?”

“डॉक्टरांना तुझ्याच मिठागराच्या चिखलात बसवलं. ठसा उठला, त्यात चामडं वाळवलं.”

“विलायतेत शिकलेला माणूस चिखलात बसला?”

“मी सांगितलं, म्हणून बसला.”

“आवडली न्हाय तर जुनी विलायती बैठक परत बसवतील.”

“कुठनं बसवतील? ती नमुन्याला माझ्याकडं दिली होती. आता माझ्या पायात हाय.”

“तिच्या चपला केल्या?”

“व्हय. चामडं वाईट न्हाय. चपलेला चालतं.”